भाकड गायीचा धनी

दूध नाही. गाभण नाही, आणि राहील अशी आशाही नाही. शेण तेवढं घालील. पण त्या साली सारवायलाही पाणी नव्हतं, तेव्हा शेणाचाही उपयोग शून्य. विकायला काढली तर घेणारा नाही, ठेवून घेतली तर पुढ्यात टाकायला काडी नाही. केजच्या बाजारातून सगळा मुलूख जनावरं विकून, रिकामी दावी खांद्यावर टाकून घराकडं निघाला होता, आणि सावरदऱ्याचे सुंदरराव, सोसायटीचे माजी चेअरमन, असली भाकड गाय विकत घ्यायला उभे होते. यात या माणसाचा फायदा काय, हे पलीकडं उभ्या असलेल्या शहादेवला काही केल्या उमगेना.

शहादेव त्यांच्याच गावचा. दर साली ऊसतोडीला जायचा. त्या साली ऊसच कमी, म्हणून टोळी लवकर परतली होती. थोड्या वेळापूर्वी त्यानं आपल्या जोडीतला रंग्या विकला होता आणि आता दुसऱ्या कुणाचं नुकसान बघून जीव रमवावा अशा बेतात होता.

म्हाळू व्यापाऱ्यानं बाजाराच्या रीतीप्रमाणं टॉवेल टाकला आणि टॉवेलाखाली सुंदररावांचा हात धरला. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. बोटं दाबून सांगतात, म्हणजे भोवतालच्यांना कळत नाही. म्हाळूनं बोटं दाबली. सुंदररावांनी मान हलवली. सौदा झाला. म्हाळूनं हात सोडवायला बघितला तर सुंदरराव सोडेनात. म्हाळूला वाटलं, गिऱ्हाईक अजून खेचतंय. त्यानं आपणहून थोडं उतरवलं. मान पुन्हा हलली, हात तिथंच. आणखी उतरवलं. तरी तेच. शेवटी म्हाळूनं टॉवेलच ओढून काढला.

"लई गिऱ्हाइकं पाहिली," तो नंतर चहाच्या टपरीवर सांगत होता, "कबूल करून बी हात न सोडणारं हे पैलंच. मी घाबरलो ना बे."

टपरी हसली. चेअरमन चिवट, हे सगळ्यांना ठाऊकच होतं. म्हाळूचा हात जाड, घामट आणि चांगला ऊबदार होता, ही गोष्ट कुणी हिशेबात धरली नाही.

गावाकडं येणाऱ्या जीपमध्ये एकमेकांच्या मांडीवर बसलेल्या माणसांनी आपापले अंदाज मांडले. एकाचं म्हणणं, सरकार गायीमागं काहीतरी वाटणार असेल आणि चेअरमनला तालुक्यातून आधीच कळलं असेल. दुसरा म्हणाला, दूध संस्थेची निवडणूक येतेय, जनावर दाखवल्याशिवाय सभासद कसं होता येईल? तिसऱ्यानं विम्याची शंका काढली. शहादेवनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "त्यो माणूस फायद्याबिगर शिंकत बी न्हाई. थांबा, कळंल." हे सर्वांना पटलं. सुंदरराव स्वतः टेंपोत गायीशेजारी उभे राहून मागून येत होते, म्हणून त्यांना विचारायची सोय नव्हती. असती तरी कुणी विचारलं नसतं.

त्यांचं आणि गावाचं बोलणं तुटलं ते काही भांडून नव्हे. चेअरमन होते तोवर त्यांच्या ओट्यावर सकाळपासून माणसं असत. कुणाला सही हवी, कुणाला शिक्का हवा, कुणाला नुसतं दिसून राहायचं असे. सुंदरराव आत सावकाश जेवत, सावकाश पान लावत, मग बाहेर येत. राम राम केला तर उत्तर म्हणून हनुवटी जराशी वर करत. माणसं आपल्यासाठी येतात, अशी त्यांची पक्की समजूत होती. निवडणुकीत पॅनल पडलं आणि पुढच्या बाजाराच्या आत ओटा मोकळा झाला. माणसं आता दुसऱ्या ओट्यावर बसू लागली. सही तिकडं गेली होती.

पुढं त्यांच्या पत्नी वत्सलाबाई वारल्या. त्या होत्या तोवर घरात निदान कुरकुर होती. मुलगा चाकणला कंपनीत. रविवारी फोन करायचा, जेवलात का विचारायचा, आणि जेवलो म्हटलं की त्याचं काम झालं. सुंदररावांनी मग एक नाद लावून घेतला. मोबाईल कंपनीच्या तक्रारीच्या नंबरवर फोन लावायचा. तिकडची मुलगी गोड आवाजात नाव विचारायची, काय मदत करू म्हणायची. हे बिल सांगायचे, मग हवा सांगायचे, मग बीडला यंदा कसं पाणी नाही ते सांगायचे. ती फोन ठेवायची. हे दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मुलीला तेच सांगायचे. रिचार्जच्या दुकानातून ही बातमी फुटली आणि गावाला बरेच दिवस पुरली.

संक्रांतीनंतर माळावर चारा छावणी उभी राहिली. छावणी दूध संस्थेची. संस्था कागदावर सभासदांची, बाकी भारतची. भारत म्हणजे संस्थेचा नवा चेअरमन. पांढरे कपडे, काळा चष्मा, आणि वयानं मोठ्या कुणाशीही बोलताना पाया पडल्यासारखा आवाज. पाचटाच्या छपराखाली जनावरांच्या लांब रांगा, मधे टँकरनं भरायचा हौद, आणि प्रत्येक दावणीजवळ एक बाज. जनावरामागं घरातलं एक माणूस तिथंच राहायचं. घरी एकमेकांची तोंडं न बघणारे भाऊ तिथं बाजेला बाज लावून झोपत. सासुरवाशिणी भाकरी घेऊन येत आणि लवकर परत जायचं नाव घेत नसत. सांजेला चुली पेटत, कुणाच्या मोबाईलवर गाणी लागत, पत्ते निघत, कुटाळकीला ऊत येई. दुष्काळानं माणसांना असं एका जागी आणलं होतं. कुणाला सुख वाटत होतं म्हणावं तर तो अंगावर धावून आला असता.

सुंदरराव संध्याकाळी फिरायला म्हणून माळाकडं जाऊ लागले. आधी रस्त्यावरून बघितलं, मग कुंपणापाशी थांबले, मग एक दिवस आत येऊन एका बाजेच्या कडेला टेकले. गाणं चालू राहिलं, बोलणं थांबलं. भारत लगबगीनं आला.

"नाना, तुमचं जनावर कंचं?"

"जनावर कुठलं, सहज आलोय."

"सहज बसता येत न्हाई ना, नाना. जनावर आसंल त्यानंच आत थांबायचं. वरचा नियम हाय, माझा न्हाई."

वरून असा नियम आला नव्हता. पण भारतला रिकामे डोळे आत नको होते, त्याला कारण होतं. छावणीतली बरीच जनावरं हळूहळू विकली गेली होती आणि तरी त्यांची नावं चालू होती. विकताना कानातला बिल्ला काढून ठेवायचा. विकलेल्या जनावराचा चारा रोज उतरायचा. त्यातला अर्धा मालकाच्या उरलेल्या जनावराला, अर्धा भारतच्या हिशेबात. चोरी म्हणावी तर सगळेच खात होते, म्हणून तिला कुणी चोरी म्हणत नव्हतं.

तर सुंदररावांनी पुढच्याच बाजाराला केजहून ती भाकड गाय आणली. नियम पुरा केला. गायीच्या कानात बिल्ला टोचून घेतला, बाज आणली, तांब्या आणला, आणि जागा द्या म्हणाले. भारतनं काळा चष्मा काढून त्यांच्याकडं बघितलं. मग उकिरड्याला लागून असलेला शेवटचा खुंटा दाखवला. मागं वळताच त्यानं रांगेत सगळ्यांना बजावलं की म्हातारा खबर काढायला आलाय, तोंडं सांभाळा.

सुंदररावांनी आता उलटी रीत धरली. येईल त्याला आपणहून राम राम घालू लागले. माणसं मागं वळून बघत की हा नक्की कुणाला घालतोय. मग त्यांनी चहाचं सामान आणलं. माणसं त्यांचा चहा प्यायली, कप विसळून जागेवर ठेवले आणि आपल्या बाजेवर जाऊन बोलत बसली. फुकट चहा पाजतोय म्हणजे निवडणूक नक्की, असं ठरलं. निवडणूक नसताना माणूस माणसाला चहा कशाला पाजील?

एकटी छबुबाई त्यांच्याशी बोलायची, आणि ते बोलणं शिव्यांच्या अलीकडचं असायचं. छबुबाई विधवा; दोन्ही मुलं सुनांसह कर्नाटकात ऊस तोडायला. एका म्हशीवर तिचं घर चाललं होतं आणि तिचा खुंटा सुंदररावांच्या शेजारी होता. पहिल्याच आठवड्यात शेण भरता भरता ती म्हणाली, "चेरमन, गाय तुमची न्हाई. तुमीच गायीचे हाव. तिला धरून आत आलाव."

सुंदररावांना इतकं बरोबर कुणी बऱ्याच दिवसांत बोललं नव्हतं.

"मपला मालक गेला तवा त्येच्या सोसायटीतल्या शेराच्या कागदासाठी आलते तुमच्या दारात," ती पुढं म्हणाली. हात शेणात चालूच होता. "तुमी जेवले. पान खाल्लं. मंग आत जाऊन झोपले. ऊन पायावर आलं तरी मी हुबीच."

"मला आठवत न्हाई, छबुबाई."

"तुमाला कावून आठवंल? हुबी मी व्हते."

सुंदररावांनी दुसऱ्या दिवशी तिच्या म्हशीपुढं पाण्याची बादली नेऊन ठेवली. छबुबाईनं ती उचलली, त्यांच्या गायीपुढं आदळली आणि शिवी दिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा ठेवली. तिनं पुन्हा शिवी दिली, पण बादली म्हशीला पाजली. असा त्यांचा व्यवहार सुरू झाला, आणि सुंदररावांच्या बाजूनं बघितलं तर तो तोट्याचा नव्हता: रोज एक बादली, रोज एक शिवी.

बाकीचेही हळूहळू सैलावले. आपलंसं केलं म्हणून नव्हे, सवय झाली म्हणून. भिंतीसमोर माणूस बोलतो तसं ते सुंदररावांसमोर बोलू लागले. आणि सुंदरराव ऐकू लागले. आयुष्यभर ज्यांचे अंगठे घेतले त्यांची घरं त्यांना आता कळत होती. छबुबाईची म्हस तिनं ओवी म्हटल्याशिवाय पान्हा सोडत नाही. पलीकडच्या दावणीतल्या म्हाताऱ्या चंद्रभागाबाईच्या दोन्ही कालवडी जावयानं नेल्या आणि त्याबद्दल घरात आजही धुसफूस आहे. शहादेवनं रंग्या विकला तेव्हा डोळ्याला पाणी आणलं नाही, पण त्या रात्री मोकळा खुंटा उशाला घेऊन झोपला. हे सगळं ते मनात साठवत आणि घरी गेलं की मोकळ्या घरात पुन्हा घोळवत. त्या कंपनीच्या मुलीला त्यांनी बऱ्याच दिवसांत फोन केला नव्हता.

एकदा पत्त्याच्या डावाजवळ ते उभे राहिले. शहादेवनं मान वर न करता म्हटलं, "सरका तिकडं, उजेड आडवायलाव. बसायचं तर बसा." सुंदरराव बसले. चेअरमनपदाच्या काळात तालुक्याला त्यांच्या गळ्यात हार पडले होते. त्यातल्या एकाचीही त्यांना पुढं आठवण झाली नाही, हे बसणं मात्र पुढं कितीतरी दिवस आठवत राहिलं.

चैत सरता सरता बातमी आली की तपासणीचं पथक येणार. आजूबाजूच्या दोन छावण्या बंद पडल्या होत्या. सावरदऱ्याची बंद पडली तर सगळ्यांची जनावरं भर उन्हाळ्यात रस्त्यावर, आणि मग म्हाळूच्या टॉवेलाखाली. भारतनं बंदोबस्त केला. विकलेल्या जनावरांच्या जागी शेजारच्या वाडीतली जनावरं सकाळी टेंपोनं येणार होती. ठेवून दिलेले बिल्ले, रंग्याचाही, त्यांच्या कानाला दोऱ्यानं बांधायचे ठरलं. अडचण एकच होती. जनावराजवळ धनी म्हणून माणूस उभं लागतं, आणि शहादेव तेव्हा नेमका पाहुण्याच्या मौतीला जाणार होता.

भारत पहिल्यांदाच उकिरड्यापर्यंत चालत आला आणि सुंदररावांच्या बाजेवर बसला.

"नाना, शहादेवच्या बैलांपाशी तुमी हुबं ऱ्हा. कुणी इचारलं तर समदी जनावरं हायेत मनायचं, बास. सायेब लोकांत तुमच्या शब्दाला वजन हाय."

सुंदररावांनी मोठेपणानं बघतो म्हटलं. मनात त्यांचं केव्हाच हो झालं होतं.

त्या सांजेला त्यांना चुलीजवळ बोलावण्यात आलं. छबुबाईनं भाकरीवर ठेचा घालून ती त्यांच्या हातावर टाकली. नेहमीसारखीच, जरा फेकल्यासारखी. कुणीतरी त्यांना साहेबाचा आवाज काढून प्रश्न विचारले आणि त्यांनी उत्तरं दिली. सगळे हसले, आणि ते हसणं त्यांच्यावर नव्हतं. शहादेव मौतीला निघताना म्हणाला, "चेरमन, उद्या लई बोलू नगा मंजी झालं. पण तुमाला काय सांगायचं? तुमाला बोलायची सवयच न्हाई."

सुंदरराव भाकरी खात होते. त्यांनी हनुवटी वर केली नाही; चक्क तोंड भरून हो म्हणाले.

पथक ऊन चढल्यावर आलं. दोन कारकून आणि एक नायब तहसीलदार. साहेब पूर्वी केजला कारकून होते आणि सोसायटीच्या कामासाठी सुंदररावांकडं येऊन गेलेले. खुंट्याजवळ त्यांना बघताच ते थांबले.

"अहो चेअरमन! तुम्ही इथं?"

भारत चटकन पुढं झाला आणि नाना आमचे आधार आहेत वगैरे बोलला. साहेबांनी कारकुनांना मोजायला पाठवलं, छपराच्या सावलीत दोन खुर्च्या मागवल्या आणि सुंदररावांना बसवलं. चहा आला. साहेब हुशार होते की नुसते उन्हानं दमलेले होते, यावर गावात अजून दोन मतं आहेत. त्यांनी विचारलं ते फक्त एवढं:

"काय चेअरमन, करमतं का इथं?"

सुंदररावांनी कप खाली ठेवला. हा प्रश्न त्यांना वत्सलाबाई गेल्यापासून कुणी विचारला नव्हता. मुलानं नाही, कंपनीच्या मुलीनं नाही, पत्त्याच्या डावावर नाही. त्यांनी पाठ केलेलं उत्तर वेगळ्या प्रश्नाचं होतं. समदी जनावरं हायेत, हे इथं कसं म्हणायचं?

"करमतं म्हणजे काय, साहेब," ते म्हणाले, आणि सुटले.

त्यांनी सकाळ सांगितली, सांज सांगितली. भाऊभाऊ कसे शेजारी झोपतात ते सांगितलं. छबुबाईची म्हस आणि तिची ओवी सांगितली. साहेब हसले, तशी त्यांनी म्हशीची मान कशी हलते तेही करून दाखवलं. साहेबांनी मान डोलवली की त्यांना आणखी सुचे. हातवारे करू लागले, खुर्ची पुढं ओढून घेतली. चंद्रभागाबाईच्या कालवडी जावयानं नेल्या आणि म्हातारी कशी दोन दिवस जेवली नाही. आणि हा शहादेव, साहेब, ज्याच्या बैलांपाशी मी उभा होतो, वरून दगड, पण रंग्याला बाजारात विकून आला त्या रात्री रिकाम्या खुंट्यावर डोकं ठेवून झोपला. माणसं लई चांगली आहेत, साहेब. मला उगीच इतकी वर्षं...

साहेबांचा कप ओठापाशी थांबला होता.

"कोणता रंग्या?"

सुंदररावांनी तोंड मिटलं. मग उघडलं. "तो आधीचा. हा दुसरा," असं काहीतरी ते म्हणाले. साहेब उठून खुंट्यापाशी गेले. तिथं दोन बैल उभे होते. त्यांनी एकाचा कान हातात घेतला. बिल्ला टोचलेला नव्हता, दोऱ्यानं बांधला होता. साहेबांनी दोरा बोटावर घेऊन कारकुनाला हाक मारली आणि शांतपणे सांगितलं, "पुन्हा पहिल्यापासून. कान बघून."

रांगेतल्या माणसांना बोलणं ऐकू आलं नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच: चेअरमन साहेबाशेजारी खुर्चीवर, चेअरमन बोटानं ही दावण दाखवतोय, ती दावण दाखवतोय, साहेब माना डोलावतोय, आणि मग साहेब उठून नेमका त्या कानाला हात घालतोय. बघणाऱ्यांना आणखी काय लागतं? जाताना साहेबांनी जीपमधून हात उंचावला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "येतो चेअरमन. बरं झालं भेटलात."

शहादेव मौतीहून आला तेव्हा वाडीची जनावरं टेंपोत चढून परत गेली होती आणि सगळे हौदापाशी जमले होते. सुंदरराव मधे उभे होते. बसायला कुणी सांगितलं नव्हतं. भारतचा पाया पडणारा आवाज गेला होता.

"मला पैल्या दिशीच ठावं व्हतं. निवडणूक लढवायची तर समोरून लढायची, नाना. हे आसलं कावून?"

शहादेव ओरडला नाही. तो अगदी जवळ आला. "मपल्या बाजेवर बसून मपलं बोलणं गोळा करत व्हते व्हय? मी येडा तुमाला बसा मनालो."

कुणी म्हणालं, भाकड गाय कोण घेतो उगंच? कुणी म्हणालं, चहाचा तवाच संशय आलता. प्रत्येकाला आपला जुना अंदाज आठवला आणि प्रत्येकाचा अंदाज खरा ठरला. जीपमध्ये जे कुणाला उमगलं नव्हतं, ते आता सगळ्यांना लख्ख दिसत होतं.

छबुबाईनं लुगड्याला हात पुसले आणि सगळ्यांना बाजूला सारून समोर आली.

"चेरमन, खरं सांगा. मुद्दाम केलंत का तोंडातून गेलं?"

सुंदररावांनी तिच्याकडं बघितलं, मग भोवतालच्या तोंडांकडं. खरं सांगणं सोपं होतं: साहेबानं करमतं का म्हणून विचारलं आणि मला आवरलं नाही. हे त्यांच्या ओठापर्यंत आलं असावं. पण मग हे हसले असते. रिचार्जच्या दुकानातलं हसणं माळावर आलं असतं. नाहीतर याहून वाईट, कुणाला तरी दया आली असती. हनुवटी सवयीनं वर गेली.

"मुद्दाम केलं," ते म्हणाले. "उभी हयात चेअरमनकी केली मी. माझ्या तोंडातून काही उगंच जात न्हाई."

मग गलका झाला. त्यांची बाज उलटी झाली, तांब्या उकिरड्यात गेला. भारतनं हात वर करून सगळ्यांना आवरलं, कारण मारहाण झाली तर पुन्हा पंचनामा. छबुबाई त्यांच्याकडं बघत राहिली. तिला खोटं कळलं की नाही, ते तिनं नंतरही कुणाला सांगितलं नाही. ती वळली, शेवटच्या खुंट्याची गाय सोडली आणि दावं त्यांच्या हातात दिलं.

"न्या," ती म्हणाली. शिवी दिली नाही.

दोन्ही बाजूंच्या दावणींमधून सुंदरराव गाय घेऊन निघाले. ती रस्ताभर थांबत होती, दुसऱ्याच्या पुढ्यातल्या उसाच्या वाढ्याला तोंड घालत होती, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी तिच्या नाकाडावर मारत होतं. त्यांनी तिला ओढलं नाही. ती चालेल तेव्हा चालले.

छावणी बंद पडली नाही. संस्थेला दंड झाला. तो भारतनं स्वतःच्या खिशातून भरला नाही. जनावराची रोजची पेंढी लहान केली आणि मृगापर्यंत दंड त्यातून निघाला. पुढच्या साली त्याला आणखी एका गावची छावणी मिळाली. शहादेवचा उरलेला बैल हाडावर आला आणि म्हाळूकडं गेला. म्हणजे शहादेवनं दंडात पुरी जोडी भरली. छबुबाईच्या म्हशीनं दूध तोडलं, तेव्हा तिनं दंडात चालतं घर दिलं. चंद्रभागाबाईच्या कालवडींची नावं यादीतून गेली, पण त्या तशाही तिच्या नव्हत्या. साहेबांची नेहमीसारखी बदली झाली. सुंदररावांच्या नावावर काय पडलं ते कुणी मांडलं नाही, कारण गावाच्या हिशेबी त्या सगळ्या व्यवहारात एकटे तेच फायद्यात राहिले होते.